एच, एच-आर की एच-आर-एस? इंग्रजीत काळाची एककं लिहिताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका यंत्राचं मॅन्युअल इंग्रजीत लिहायचं काम तुमच्याकडे आलंय. 'अवर'साठी एच-आर-एस आणि पुढे टिंब द्यावं असं वरिष्ठ सांगतात. शेजारचा अभियंता म्हणतो, नुसता एच लिहा. जुनं मॅन्युअल उघडलं तर त्यात दोन्ही आहेत, वर तिसराही प्रकार आहे. शिवाय मिनिटाला एकटा एम चालेल का, आकडा आणि अक्षर यांच्यामध्ये जागा सोडायची का, महिना आणि वर्ष कसं लिहायचं, हेही तुम्ही विचारलंय.

आधी एक सोय करून घेऊ. मी सगळं देवनागरीत लिहितोय, म्हणून रोमन अक्षरांची नावंच देतो. एच-आर म्हणजे ती दोन अक्षरं एकमेकांना चिकटून. वेगळं सांगितलं नसेल तर अक्षर स्मॉल समजा. कॅपिटल असेल तिथे तसं म्हणेन.

तांत्रिक मजकूर तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि हा वाद मी इतक्या वेळा ऐकलाय की दोन्ही बाजूंची वाक्यं पाठ आहेत. तुमचे वरिष्ठही चूक नाहीत आणि अभियंताही नाही, म्हणून तर भांडण मिटत नाही. दोघं दोन निराळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत. एच-आर हे 'अवर' या इंग्रजी शब्दाचं संक्षिप्त रूप आहे, जसं 'डॉक्टर'चं डॉ. होतं तसं. एकटा एच मात्र संक्षिप्त रूप नाही. ते चिन्ह आहे, बेरजेच्या चिन्हाच्या जातीचं. जर्मनमध्ये तासाला 'श्टुंड' म्हणतात आणि तो शब्द एसने सुरू होतो. तरीही जर्मन अभियंता आकडेमोडीत तासासाठी एचच लिहितो, कारण तो शब्द आखूड करत नसतो, सगळ्या जगाने मान्य केलेली खूण वापरत असतो.

हा एक फरक डोक्यात बसला की तुमचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. संक्षिप्त रूपाला त्या-त्या भाषेचं व्याकरण लागू होतं: टिंब येऊ शकतं, अनेकवचन होऊ शकतं, अमेरिकी आणि ब्रिटिश सवयी वेगळ्या असू शकतात. चिन्हाला यातलं काहीच लागू नाही. बेरजेच्या चिन्हाचं अनेकवचन कोणी करत नाही.

चिन्हांचे नियम आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत, म्हणजे एसआयमध्ये ठरलेले आहेत. पॅरिसजवळ सेव्र इथे आंतरराष्ट्रीय वजनमाप ब्यूरो आहे. तो या पद्धतीची अधिकृत पुस्तिका काढतो आणि तिची नववी आवृत्ती २०१९ साली आली. त्यानुसार सेकंदासाठी एस, मिनिटासाठी एम-आय-एन, तासासाठी एच आणि दिवसासाठी डी. यातला फक्त सेकंद हा एसआयचा मूळ एकक आहे. बाकीचे तिघे पाहुणे आहेत, पण एसआयबरोबर वापरायला अधिकृत परवानगी असलेले. चिन्हापुढे टिंब नाही (वाक्यच संपत असेल तर गोष्ट वेगळी), अनेकवचनाचा एस नाही, आणि आकडा व चिन्ह यांच्यामध्ये एक जागा. ३ एच, ४५ एम-आय-एन, १० एस. जागा सोडलीत तर ती न तुटणारी ठेवा, नाहीतर ओळीच्या शेवटी आकडा राहतो आणि चिन्ह खालच्या ओळीत जाऊन पडतं. वर्ड प्रोसेसरमध्ये अशी जागा देण्याची सोय असते, पण ती वापरणारी माणसं मला फार थोडी भेटली.

अनेकवचनाचा एस का नको, याचं एक कारण अगदी व्यावहारिक आहे. एस म्हणजे सेकंद. चिन्हांच्या जगात एच-एस लिहिलंत तर ते तास गुणिले सेकंद असं वाचता येतं. असा अर्थ कोणी घेणार नाही हे मलाही कळतं. पण हीच सवय घेऊन माणूस सूत्रांच्या पानावर गेला की तिथे गोंधळ होतोच.

आता तुमचा एम. नाही, चालणार नाही. एम हे मीटरचं चिन्ह आहे आणि मिनिटाला तीन अक्षरं मिळाली ती म्हणूनच. एकदा माझ्याकडे एका सरकत्या पट्ट्याचं मॅन्युअल आलं होतं. त्यात चाचणीच्या पायरीत लिहिलं होतं, 'पट्टा ५ एम चालवा आणि थांबवा.' लेखकाच्या मनात पाच मिनिटं होती. चाचणी घेणाऱ्याने पट्टा पाच मीटर पुढे सरकवला, थांबवला आणि 'ठीक' अशी खूण केली. त्याचं काय चुकलं? पट्ट्याच्या बाबतीत मीटर हाच अर्थ जास्त सरळ होता. पट्टा तापतो का ते बघण्यासाठी ती पायरी होती आणि ते बघायचंच राहून गेलं.

एम-आय-एनचीही एक खोच आहे, तीही सांगून ठेवतो. तक्त्याच्या मथळ्यात सगळी अक्षरं कॅपिटल करण्याची अनेकांना हौस असते. तिथे एम-आय-एन कॅपिटलमध्ये आलं आणि शेजारच्या रकान्यात एम-ए-एक्स असलं, की वाचणारा ते 'मिनिमम' वाचतो. चूक त्याची नाही. एककांची चिन्हं मथळ्यातही स्मॉलच ठेवायची, मग बाकी मथळा कितीही ओरडत असो.

स्मॉल-कॅपिटलचा हा मुद्दा नुसता शोभेचा नाही. कॅपिटल एस म्हणजे सीमेन्स, विद्युतवाहकतेचं एकक. कॅपिटल एच म्हणजे हेन्री, प्रेरकत्वाचं एकक. एम-एस म्हणजे मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. त्यातला एम कॅपिटल केलात की झाला मेगासेकंद, म्हणजे दहा लाख सेकंद, साधारण साडेअकरा दिवस. एका शिफ्ट कळीने अब्जपट फरक पडतो! बॅटरीच्या क्षमतेचं एकक रोज डोळ्यांसमोर असतं, ते बघा: स्मॉल एम, कॅपिटल ए, स्मॉल एच. मिली, अँपिअर, तास. जाहिरातींत ही तिन्ही अक्षरं सर्रास कॅपिटल छापतात, आणि शब्दशः वाचलं तर ती बॅटरी मेगाअँपिअर-हेन्रीमध्ये मोजावी लागेल. मायक्रोसेकंदासाठी ग्रीक म्यू आणि एस. कळफलकावर म्यू सापडत नाही म्हणून लोक यू-एस टाकतात. ते प्रोग्रामच्या कोडमध्ये चालून जातं, छापील मॅन्युअलमध्ये मी चालू देत नाही.

सेकंदासाठी एस-ई-सी लिहिण्याची सवय सर्वांत चिवट. शाळेच्या पुस्तकांपासून ती अंगवळणी पडलेली असते. साध्या मजकुरात संक्षिप्त रूप म्हणून ते चालतं. पण एसआयचं चिन्ह ते नाही, आणि गणितात एस-ई-सी म्हणजे सीकंट हे त्रिकोणमितीतलं फल. दोन्ही एकाच पानावर येण्याची शक्यता तुमच्या मॅन्युअलमध्ये कमी आहे, पाठ्यपुस्तकात मात्र मी ती पाहिली आहे.

वरिष्ठांच्या बाजूचंही ऐकू. चिन्हांची शिस्त बाजूला ठेवून साधी इंग्रजी संक्षिप्त रूपं वापरायची ठरवलीत तर एच-आर, एम-आय-एन, एस-ई-सी, आठवड्याला डब्ल्यू-के, महिन्याला एम-ओ, वर्षाला वाय-आर ही रुळलेली आहेत. 'डे' तीनच अक्षरांचा, त्याला आणखी काय कापायचं! टिंबाबाबत अमेरिकी परंपरा देण्याकडे झुकते. जुनी ब्रिटिश परंपरा जास्त गमतीची आहे: संक्षिप्त रूपात शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर राहिलं असेल तर टिंब नाही, शेपूट कापलेलं असेल तर टिंब. या न्यायाने एच-आरला टिंब नाही, कारण 'अवर'चं स्पेलिंग आरनेच संपतं, पण एम-आय-एनला मात्र हवं, कारण 'मिनिट'ची शेपटी तुटली आहे. एकाच ओळीत दोन्ही आले की ते विचित्र दिसतं. म्हणूनच की काय, आज बरेच जण सगळीच टिंबं गाळतात. मीही गाळतो. अनेकवचनी एच-आर-एस, एम-आय-एन-एस ही रूपं कोशाबाहेरची नाहीत, पण मी एकवचनीच रूप ठेवतो. एक तास असो की दहा, एच-आर. तक्त्यातली निम्मी तपासणी वाचते.

म्हणजे निवड कशावर अवलंबून? वाचणारा कोण आणि मजकूर कोणत्या जातीचा, यावर. विज्ञान-तंत्रज्ञानाचा मजकूर, मापं, तक्ते, आलेख असतील तर एसआयची चिन्हं. घरगुती सूचना, वेळापत्रक, सामान्य वाचकाचा लेख असेल तर साधी संक्षिप्त रूपं किंवा पूर्ण शब्द. आणि तुमच्या संस्थेची किंवा ग्राहकाची स्वतःची स्टाइलशीट, म्हणजे लेखनाच्या नियमांची यादी, असेल तर माझं मत बाजूला ठेवून ती पाळा. तुमचं काम यंत्राचं आहे, त्यात वेग, विद्युतप्रवाह, दाब हे सगळं एसआयमध्ये असणार. मग काळ तेवढा वेगळ्या पंगतीत का बसवायचा? माझा कौल अभियंत्याकडे.

पण अभियंत्यालाही एक गोष्ट सांगा. चिन्ह फक्त आकड्यासोबत येतं. 'कित्येक एच लागतील' असं इंग्रजीत लिहिता येत नाही, तिथे पूर्ण 'अवर्स'च हवं. आकडा अक्षरी लिहिला असेल, 'फाइव्ह' वगैरे, तर पुढे चिन्ह नको, शब्द हवा. वेग लिहिताना 'के-एम पर एच' अशी खिचडी नको: एकतर के-एम, तिरकी रेघ, एच, नाहीतर सगळं शब्दांत. आणि सलग गद्यात, म्हणजे जिथे माणूस वाक्य म्हणून वाचतोय तिथे, मी पूर्ण शब्दच लिहायला सांगतो. 'मिनिट्स' लिहिलं तर चार अक्षरं जास्त पडतात, त्याने कागद संपत नाही. संक्षेप हा जागेच्या अडचणीवरचा उपाय आहे, आणि अडचण तक्त्यात असते, आकृतीत असते, यंत्राच्या छोट्या पडद्यावर असते. परिच्छेदात ती क्वचितच असते.

जोडरेघेचं प्रकरण इथेच उरकू. दहा मिनिटांची विश्रांती असं विशेषणासारखं वापरायचं तर इंग्रजीत 'टेन-मिनिट ब्रेक': मध्ये जोडरेघ आणि मिनिट एकवचनी. मराठीत आपण 'दहा मिनिटांची' असं अनेकवचन करतो, म्हणून आपल्या हातून तिथे 'मिनिट्स' हमखास पडतं. चिन्ह वापरत असाल तर जोडरेघ नको, नेहमीसारखी जागाच. नोटिशीचा काळ सांगताना 'टू वीक्स नोटिस'मध्ये वीक्सच्या एसनंतर षष्ठीचा अॅपॉस्ट्रॉफी, म्हणजे वर दिलेला स्वल्पविराम येतो, एका आठवड्याची असेल तर एसच्या आधी. आणि 'आठ तासांची पाळी' म्हणताना पुढे 'अॅन' येतं, 'अ' नाही, कारण 'एट'चा उच्चार स्वराने सुरू होतो. 'अवर'लाही अॅनच, त्यातला एच मुका.

आता ज्या चुकीने खरंच नुकसान होतं तिच्याकडे येतो, आणि ती मराठीत विचार करणाऱ्यांना जास्त नडते. आपण साडेचार तास म्हणतो. घड्याळात साडेचार म्हणजे चार तीस. मग हात आपोआप लिहितो, ४.३० अवर्स. वाचणारा ते चार पूर्णांक तीन दशांश वाचतो, म्हणजे चार तास अठरा मिनिटं. कामाच्या तासांचा हिशेब स्प्रेडशीटमध्ये गेला की यंत्र तर नक्कीच तसं वाचतं आणि प्रत्येक नोंदीमागे बारा मिनिटं गायब होतात. म्हणून साडेचार तास लिहायचे असतील तर ४.५ एच, नाहीतर ४ एच ३० एम-आय-एन. पावणेदोन म्हणजे १.७५, सव्वादोन म्हणजे २.२५. दशांश आणि मिनिटं यांची भेसळ करायची नाही. दीड तासाला इंग्रजीत अनेकवचन लागतं हेही लक्षात असू द्या. आपला दीड एकापेक्षा जास्त असूनही एकट्यासारखा वागतो, त्यांचा 'वन अँड अ हाफ' वागत नाही.

मध्ये विसर्गासारखी दोन टिंबं दिली तरी सगळं सुटत नाही. २:३० म्हणजे अडीच वाजता, दोन तास तीस मिनिटं की दोन मिनिटं तीस सेकंद? व्हिडिओखाली लिहिलं असेल तर तिसरा अर्थ, वेळापत्रकात पहिला. तुमच्या मॅन्युअलमध्ये संदर्भ इतका स्पष्ट असेलच असं नाही, तेव्हा कालावधीसाठी एककं लिहा आणि दोन टिंबं घड्याळाच्या वेळेसाठी राखून ठेवा. काही जण मिनिटाला एक तिरका फटकारा आणि सेकंदाला दोन देतात. ते फटकारे कोनाच्या मिनिट-सेकंदांचे आहेत, अक्षांश-रेखांश लिहिताना येतात तेच. गंमत म्हणजे नाव दोघांचं एकच, कारण मूळ एकच. लॅटिनमध्ये पहिल्या बारीक भागाला 'पार्स मिनुटा प्रिमा' आणि दुसऱ्याला 'पार्स मिनुटा सेकुंडा' म्हणायचे. पहिल्यातून 'मिनिट' उरलं, दुसऱ्यातून 'सेकंद'. सेकंदाला सेकंद म्हणतात ते तो दुसरा म्हणून. असो, मूळ एक असलं तरी काळासाठी ते फटकारे वापरू नका.

महिना आणि वर्ष. आठवडा आणि महिना यांना एसआयच्या यादीत जागाच नाही. महिन्याचं कारण उघड आहे, २८ ते ३१ दिवसांचं काहीतरी एकक म्हणून कसं घ्यायचं? मॅन्युअलमध्ये 'दर महिन्याला तेल बदला' असेल तर पूर्ण शब्द लिहा, आणि नेमकेपणा हवा असेल तर 'दर ३० दिवसांनी' किंवा 'दर २०० तासांच्या वापरानंतर' असं काहीतरी अभियंत्याकडून वदवून घ्या. वर्षासाठी वाय-आर सर्वांना कळतं. लॅटिन 'अॅनस'वरून आलेला एकटा ए भूविज्ञानात चालतो: कॅपिटल एम आणि स्मॉल ए म्हणजे दहा लाख वर्षं. पण ए हे 'आर' या क्षेत्रफळाच्या एककाचंही चिन्ह आहे. त्या ए-च्या वाटेला यंत्राच्या मॅन्युअलने जाऊ नये. 'बायवीकली', 'बायमंथली' हे शब्द दिसले की मी सरळ लाल रेघ मारतो. आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा, हे इंग्रजी कोशांनाच दोन्ही मान्य आहे. 'फोर्टनाइट' ब्रिटिश वाचकाला चालतं, अमेरिकी वाचक अडखळतो. 'एव्हरी टू वीक्स' कोणीच अडखळत नाही.

संक्षेपाची हौस कुठवर नेऊ शकते याचं सर्वांत गंभीर उदाहरण औषधांच्या चिठ्ठीतलं. 'रोज एकदा'साठी लॅटिनवरून आलेलं क्यू-डी लिहायची पद्धत होती. हस्ताक्षरात मधलं टिंब किंवा क्यूची शेपटी आयसारखी दिसली की ते क्यू-आय-डी होतं, म्हणजे दिवसातून चार वेळा. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशन या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २००४ साली 'वापरू नका' अशी यादीच काढली आणि तीत हे रूप घातलं. त्याऐवजी 'डेली' असा पूर्ण शब्द लिहायचा. डी अक्षराचंही तसंच: आकड्यामागे डी लिहिला तर तो डेज की डोसेस, हे औषध देणाऱ्याने ओळखायचं. तुमचं यंत्र वैद्यकीय असेल, जे तुम्ही सांगितलेलं नाही, तर दिवसासाठी एसआयचा डी सुद्धा टाळा आणि 'डेज' लिहा. इथे मी चिन्हाची बाजू सोडतो.

दुपारी बाराला ए-एम लिहू की पी-एम, असा उपप्रश्नही होता. लॅटिनमधला एम म्हणजे मध्यान्ह, ए म्हणजे आधी, पी म्हणजे नंतर. बाराला स्वतः मध्यान्हच असते, ती स्वतःच्या आधीही नसते आणि नंतरही. रूढीने दुपारचे बारा म्हणजे पी-एम, पण मी 'नून' आणि 'मिडनाइट' लिहितो किंवा सरळ चोवीस तासांचं घड्याळ वापरतो. मुदत मध्यरात्रीची असेल तर २३:५९ लिहा, म्हणजे कोणत्या तारखेची मध्यरात्र हा वाद होत नाही.

तुमच्या यंत्रातून संगणकाला माहिती जात असेल तर एक शेवटची गाठ. आयएसओ ८६०१ या मानकात कालावधी लिहायची वेगळीच रीत आहे: आधी पी, मग तारखेचे भाग, मग टी, मग वेळेचे भाग, सगळं कॅपिटल. त्यात एम महिन्यालाही आहे आणि मिनिटालाही. टीच्या आधी आला तर महिना, नंतर आला तर मिनिट. पी-३-एम म्हणजे तीन महिने, पी-टी-३-एम म्हणजे तीन मिनिटं. हे यंत्राने यंत्राला सांगायचं आहे, माणसाच्या वाचनात येऊ देऊ नका.

तेव्हा तुमच्या मॅन्युअलसाठी: तक्ते, आकृत्या आणि मापं यांत एस, एम-आय-एन, एच, टिंबाविना, एस न जोडता, मध्ये जागा सोडून, परिच्छेदांत पूर्ण शब्द, महिना-वर्ष नेहमी पूर्ण. वरिष्ठांना पहिल्या पानावर एका ओळीची टीप दाखवा की चिन्हं एसआयप्रमाणे आहेत. बहुतेक वेळा त्यांना नियम नको असतो, कोणीतरी विचार केलाय याचा पुरावा हवा असतो.

आणि जुन्या मॅन्युअलमधले एच-आर एका फटक्यात बदलायला निघालात तर 'होल वर्ड' हा पर्याय आधी निवडा. मी एकदा विसरलो होतो. एच-आर शोधून एच टाकला आणि 'थ्री'च्या स्पेलिंगमधला आर उडून 'दी' हा जुना इंग्रजी शब्द झाला, 'थ्रू'मधला उडून 'दो' झाला. दोन्ही कोशात असलेले शब्द, त्यामुळे स्पेलचेकने एकही लाल रेघ दाखवली नाही. एकशेवीस पानं डोळ्यांनी पुन्हा वाचावी लागली.